चिखलदऱ्याचा दरडप्रवणता नकाशा : ३० मीटरच्या डीईएमवर कुठपर्यंत विसंबायचं?

समोच्च (नागपूर)

नमस्कार मंडळी. चिखलदरा गाव आणि परतवाड्याकडून वर चढणारा घाट, एवढ्या भागाचा दरडप्रवणता नकाशा, म्हणजे दरड कुठे सुटू शकते याचा नकाशा, करून राहिले आहे. काम सगळं नागपुरात बसून. आतापर्यंत केलेलं असं:

कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा डीईएम, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची देणारा नकाशा, घेतला. त्यातून उतार, उताराची दिशा, वक्रता आणि ओलावा निर्देशांक काढला. एप्रिलच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेवरून एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढला. खडक, माती, भूवापर, ओढ्यापासून अंतर, रस्त्यापासून अंतर, भूरेषांपासून (भेगा-भ्रंशांच्या सरळ रेघांपासून) अंतर आणि पाऊस धरून एकूण १२ थर झाले. एएचपीने (घटकांची जोडीजोडीने तुलना करायची पद्धत) भारांक दिले, सुसंगती गुणोत्तर ०.०६ आलं (०.१ च्या आत चालतं). दरडींच्या नोंदी जेमतेम पंचवीसेक, बहुतेक रस्त्यालगतच्या. दरडींचे पिक्सेल ७०:३० वाटून तपासलं तर एयूसी ०.९४ (०.५ म्हणजे नुसता छापा-काटा, १ म्हणजे अचूक).

आकडा चांगला आहे, पण नकाशा पटत नाही. पठारावरच्या सपाट वस्तीत मध्येच 'मध्यम'चे ठिपके आहेत. घरांच्या मागे उभे कापलेले कडे 'अत्यल्प'मध्ये गेले. सागाचं जंगल बहुतेक 'जास्त' दिसतं. आणि उताराच्या थरात बारीक आडव्या-उभ्या पट्ट्या आहेत. नेमकं कुठे चुकलं?

लालबोल

चार तक्रारी, चार वेगळी कारणं. सगळ्यात महत्त्वाच्या दोन आधी घेतो.

सपाट वस्तीतले ठिपके : कोपर्निकसचा डीईएम जमिनीची उंची दाखवत नाही, रडारला जो वरचा पृष्ठभाग दिसला त्याची उंची दाखवतो. म्हणजे इमारती आणि झाडं धरून. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उतार काढताना ३ बाय ३ ची खिडकी घेतं, मधल्या पिक्सेलचा उतार दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांमधल्या फरकावरून, म्हणजे ६० मीटर अंतरावरून ठरतो. एका बाजूला १२ मीटर उंचीच्या हॉटेलांची रांग असेल तर १२ भागिले ६०, म्हणजे ०.२, म्हणजे ११.३ अंश. टेनिस कोर्टासारख्या सपाट जागेवर ११ अंशांचा उतार असा तयार होतो. सागाच्या जंगलाच्या कडेलाही हेच घडतं. यावर उपाय म्हणजे झाडं-इमारती वजा केलेला फॅबडेम. तोही ३० मीटरचाच, पण वस्तीतले खोटे उतार बरेच कमी होतात.

कापलेले कडे : हेच गणित उलटं लावा. घरामागे ४ मीटरचा उभा काप आहे. ४ भागिले ६० म्हणजे ३.८ अंश. प्रत्यक्षात ८० अंशांचा कडा, नकाशात ४ अंशांची भर. डोंगरी गावात पहिल्या पावसात जे खाली येतं ते बहुधा हेच काप असतात, आणि ३० मीटरच्या कुठल्याही डीईएममध्ये ते दिसणारच नाहीत. पद्धत एएचपी घ्या, रँडम फॉरेस्ट घ्या, काहीही घ्या. जे इनपुटमध्येच नाही ते आउटपुटमध्ये कुठून येणार?

म्हणून कापांची स्वतंत्र नोंदवही लागते, पायी फिरून केलेली.

वॉर्प

पट्ट्यांचं उत्तर सोपं आहे. डीईएम अक्षांश-रेखांशातून यूटीएममध्ये (मीटरमधली, झोननिहाय नकाशापद्धत) आणताना रीसॅम्पलिंग, म्हणजे नव्या जाळीवर आकडे बसवणं, 'निअरेस्ट नेबर' (जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा) राहिलं असेल. क्यूजीआयएसच्या वॉर्प या रीप्रोजेक्ट करायच्या साधनात तेच डिफॉल्ट असतं. काही ओळी दोनदा येतात, काही गळतात, आणि उतार काढला की त्या पट्ट्या होऊन दिसतात. बायलिनिअर किंवा क्युबिक (शेजारच्या पिक्सेलांवरून मधला आकडा काढणारे) निवडा आणि उतार पुन्हा काढा. भूवापर, खडक असल्या वर्गांच्या थरांना मात्र निअरेस्टच ठेवा, नाहीतर वर्ग २ आणि वर्ग ४ यांची सरासरी होऊन वर्ग ३ जन्माला येईल.

अजून एक पाहून घ्या. नागपूर ७९ अंश रेखांशावर, म्हणजे यूटीएम झोन ४४ (ईपीएसजी हा नकाशापद्धतीचा सांकेतिक क्रमांक ३२६४४). चिखलदरा ७७.३ वर, म्हणजे झोन ४३ (३२६४३). सीमा ७८ अंशांवर आहे. नागपूरच्या कामाचं टेम्प्लेट उघडून चिखलदरा सुरू केलं की प्रोजेक्ट ४४ मध्येच राहतो. नीट रीप्रोजेक्ट केलं असेल तर उतारात फरक नगण्य. पण ४३ च्या फाइलवर नुसता ४४ चा शिक्का मारला, म्हणजे 'असाइन' केलं आणि 'रीप्रोजेक्ट' केलं नाही, तर तो थर सहाशे किलोमीटर पूर्वेला जातो. तेवढं लगेच दिसतं. दिसत नाही ते हे : डीईएम अंशांतच ठेवून उतार काढला, तर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये, सगळा नकाशा ८९-९० अंशांचा. मग कोणी तो 'नॅचरल ब्रेक्स'ने (आकड्यांचे गट पाहून आपोआप वर्ग पाडणं) पाच वर्गांत वाटतो आणि रंग पाहून तो खराही वाटतो. वर्ग पाडण्याआधी किमान, कमाल आणि सरासरी वाचायची सवय ठेवा.

आणि कोणी अॅलोस पाल्सार या जपानी उपग्रह-रडारचा १२.५ मीटरचा डीईएम सुचवला तर भुलू नका. रडार प्रतिमेसोबत तो जोडून येतो, आपल्याकडच्या भागासाठी तो एसआरटीएमच (अवकाशयानातून घेतलेला जुना, जाड पिक्सेलचा डीईएम) बारीक करून दिलेला आहे. पिक्सेल लहान झाला, माहिती तेवढीच.

पानगळ

ताई, जंगल 'जास्त'मध्ये गेलं ते एप्रिलच्या प्रतिमेमुळे. मेळघाटचं जंगल शुष्क पानगळीचं, साग फेब्रुवारीपासून पानं टाकतो. एप्रिलचा एनडीव्हीआय त्याला ओसाड माळ समजतो. दरड येते पावसाळ्यात, तेव्हा तिथे भरगच्च पानोळा असतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली किंवा नोव्हेंबरची ढग नसलेली प्रतिमा घ्या.

बारीक डीईएमसाठी ड्रोन उडवणार असाल तर त्याचं याच्या नेमकं उलट. ड्रोनच्या फोटोंना पानाखालची जमीन दिसत नाही, म्हणून उड्डाण एप्रिल-मेमध्ये करावं. व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे, वनविभागाची परवानगी आधी पाहा, ती मिळायला वेळ लागतो. जमिनीवरचे नियंत्रण बिंदू (जागा आणि उंची अचूक मोजलेल्या खुणा) सहा-आठ तरी हवेत, आणि ते सगळे रस्त्याच्या एकाच उंचीवर नकोत. काही माथ्यावर, काही उताराच्या पायथ्याशी. नाहीतर मॉडेल मधोमध फुगतं आणि खोटी वक्रता देतं.

समोच्च

पट्ट्या गेल्या, क्युबिकने काम झालं. झोन बरोबर होता. नोव्हेंबरची प्रतिमा लावली तर जंगल खाली आलं.

पण मग एयूसी ०.९४ कसा आला? इतक्या चुका असताना?

लालबोल

तो आकडा असाच येतो, म्हणून त्याच्यावर जीव टाकू नये. तीन गळत्या आहेत.

एक, पिक्सेल वाटले, दरडी वाटल्या नाहीत. एका दरडीचे सहा पिक्सेल असतील तर चार प्रशिक्षणात, दोन चाचणीत. दोघांचा उतार, खडक, ओढ्यापासून अंतर सारखंच. मॉडेलला उत्तर आधीच माहीत आहे. वाटणी दरडीनिहाय करा. त्याहून बरं म्हणजे घाटाचा एक तुकडा पूर्ण बाजूला ठेवा आणि उरलेल्यावर शिकवलेलं त्याच्यावर तपासा.

दोन, दरड नसलेले बिंदू सगळ्या पठारावरून घेतलेत. पठार आणि कडा यांतला फरक लहान पोरालाही कळतो. मॉडेलची परीक्षा तिथे नाही. ती आहे २५ अंशांच्या दोन उतारांमध्ये, ज्यातला एक सुटला आणि एक टिकला. ५ अंशांखालचा भाग चाचणीतून वगळा. एयूसी ०.७ च्या घरात उतरला तर नाराज होऊ नका. तो खरा आकडा असेल.

तीन, रस्ता. नोंदी बहुतेक रस्त्यालगतच्या आहेत, कारण तिथेच कोणी पाहिलं आणि नोंदलं. मग 'रस्त्यापासून अंतर' हा थर जोरात वर येतो. तो काही प्रमाणात दरडीचं कारण आहे, कारण काप घेतला, पायथा गेला. पण बऱ्याच प्रमाणात तो 'कोणी पाहिलं' याचा नकाशा आहे. रस्त्याच्या नोंदी आणि डोंगरातल्या नोंदी वेगळ्या करून दोन मॉडेल करा, किंवा हा थर काढूनच टाका आणि कापांची नोंदवही वर चढवा.

दरडीचा बहुभुज काढताना फक्त सुटलेला भाग घ्या, खाली पसरलेला मलबा नको. मलबा ५ अंशांच्या शेतात थांबला असेल तर मॉडेल शिकेल की ५ अंशांवर दरडी होतात.

पंचवीस नोंदींवर फ्रिक्वेन्सी रेशो (दरडींच्या नोंदींवरूनच वर्गांना गुण द्यायची पद्धत) पण डळमळीत राहील. सूत्र साधं आहे : त्या वर्गातल्या दरडींची टक्केवारी भागिले त्या वर्गाच्या क्षेत्राची टक्केवारी. २६ ते ३५ अंशांच्या वर्गात ४० टक्के दरडी आणि १६ टक्के क्षेत्र, तर २.५. पण एखाद्या वर्गात एकच दरड असेल आणि ती पुढेमागे एका पिक्सेलने सरकली, तर त्याचा आकडा शून्य होतो. इतक्या कमी नोंदींवर भारतीय मानक १४४९६ भाग २ (१९९८) ची गुणपद्धत जास्त प्रामाणिक वाटते मला. खडक २, संरचना २, उतार २, सापेक्ष उंची १, भूवापर २, भूजल १, एकूण १०. साडेतीनच्या आत अत्यल्प, साडेसातच्या वर अत्युच्च. आणि ती पिक्सेलवर नसते, उताराच्या पदरावर असते : दोन सोंडा, माथा आणि ओढा यांनी बांधलेला, एका दिशेला उतरणारा तुकडा. पदरावर चालून जाता येतं, लोकांना तो बोटाने दाखवता येतो.

बारा थरांतले निम्मे गळतील. पाऊस काढा, एवढ्या छोट्या भागात पाच किलोमीटरच्या ग्रिडचे दोन-चार चौकोन येतात. पाऊस हे निमित्त आहे, कुठे आणि कुठे नाही हे तो गावाच्या आत सांगू शकत नाही. मातीचा नकाशा १:२,५०,००० चा असेल तर अख्खं गाव एका-दोन घटकांत बसतं. खडकाचंही तेच, सगळा बेसाल्ट, एकच रंग.

गिट्टीखदान

सगळा बेसाल्ट एकच रंग, मग खडक हा घटक कुचकामी धरायचा का?

लालबोल

उलट, तोच मुख्य आहे. फक्त छापील नकाशात नाही, कापात आहे.

दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी लाल चिकण थर असतो, रेड बोल. जाडी कुठे वीतभर, कुठे मीटर-दोन मीटर. उन्हाळ्यात विटेसारखा टणक दिसतो. जुलैत त्याच जागी नख घुसतं, आणि बोटावर लाल गाळ राहतो. वरचा बेसाल्ट भेगाळलेला, त्यातून पाणी खाली उतरतं आणि बोलवर अडतं. म्हणून बोलच्या माथ्याशी एक आडवी ओली रेघ दिसते, त्यावर शेवाळ आणि नेचे. बोल भिजून झडत जातो, वरचे दगड अधांतरी होतात आणि सुटतात. रेघ कोरड्या महिन्यात पाहायची असेल तर शेवाळाच्या काळ्या डागावरून ओळखा.

आता युक्ती अशी. थर जवळजवळ आडवे असतात. एका कापात बोल १०४० मीटरवर सापडला, तर त्याच उंचीची समोच्चरेषा आजूबाजूच्या सगळ्या सोंडांवरून फिरवा आणि वर-खाली १० मीटरचा पट्टा आखा. हा झाला तुमचा खडकाचा थर. पण चिखलदऱ्याला एका जागेवर भागवू नका. दक्षिणेला गाविलगडचा भ्रंश आहे, थर कुठे कुठे कललेले असू शकतात. तीन वेगळ्या जागी तोच बोल गाठा, तीन उंचींवरून कल काढा, मग पट्टा आखा.

उंची मोबाइलवरून घ्यायची नाही. एक तर चूक १०-२० मीटरची, वर काही अॅप समुद्रसपाटीची उंची न देता लंबगोलावरची (पृथ्वीचा गणिती आकार धरून काढलेली) देतात, आणि मध्य भारतात त्या दोघींत पन्नास मीटरच्या वर फरक आहे. जागा मोबाइलने नोंदवा, उंची त्या जागेवरून डीईएममधून काढा.

ओव्हरसियर

कापांच्या नोंदवहीबद्दल लिहितो, हे काम रस्त्याच्या बाजूने जास्त माहीत आहे.

दीड मीटरच्या वरचा प्रत्येक काप नोंदवा. रकाने : जागा, उंची (टेपने, नाहीतर ५ मीटरची पट्टी उभी धरून), कोन, माल (माती, मुरूम, फुटका बेसाल्ट, अखंड बेसाल्ट), कापाच्या ओठापासून वरच्या बांधकामाचं अंतर, पायथ्यापासून खालच्या बांधकामाचं अंतर, पाणी कुठून येतं, भिंत आहे का, भेगा. क्यूफिल्डमध्ये (क्यूजीआयएसचं मोबाइल अॅप) फॉर्म करून घेतला तर दोन माणसं दिवसाला ४०-५० काप करतात. झाडाखाली मोबाइलची जागा ५ ते १० मीटर सरकते, म्हणून घराचा कोपरा प्रतिमेवर पाहून बिंदू हाताने ठेवा.

'पाणी' या रकान्यावर वेळ घाला. छताचं पाणी कुठे पडतं, शोषखड्डा ओठाजवळ आहे का, नळाची पाइप गळते का. सपाट जमिनीवर शोषखड्डा चांगला, कापाच्या डोक्यावर तोच वाईट, वर्षभर उतार ओला ठेवतो.

भिंत दिसली की 'सुरक्षित' लिहू नका. आधी पाण्याची भोकं पाहा. सहसा ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची, मीटर-दीड मीटर अंतराने असतात. सळई घालून पाहा. अर्ध्या हातावर माती लागली तर भोक बुजलं आहे. सळई आत जाते पण भोकाच्या तोंडाखाली भिंतीवर पाण्याचा ओघळ कुठेच नाही, तर मागे गाळणीचा थर घातलाच नसण्याची शक्यता मोठी. ४ मीटर उंच भिंतीमागे पूर्ण पाणी साचलं तर दर धाव मीटरला जवळपास ८ टन जोर फक्त पाण्याचा. दगडी कोरड्या रचाईची जुनी भिंत पाणी सोडते म्हणून टिकते. तिला सिमेंटचा गिलावा केला की ती अडवायला लागते. गिलावा केलेल्या रचाईच्या भिंती वेगळ्या नोंदवा.

जुन्या दरडींसाठी मलबा उचलल्याची बिलं आणि मोजमाप पुस्तकं पाहा. त्यात साखळी क्रमांक असतो, किलोमीटर आणि मीटर. त्याच साखळीवर तीन-चार वर्षांत दोनदा बिल निघालं असेल तर ती जागा चालू आहे.

समोच्च

काका, हे फार कामाचं आहे. कोन किती असला की घाबरायचं? आकडा भेटेल का?

ओव्हरसियर

अखंड बेसाल्ट उभा कापला तरी राहतो, मुरूम राहत नाही. एक आकडा सगळ्यांना नाही. लालबोल सर सांगतील.

लालबोल

पाणी किती हे न सांगता कोनाचा आकडा देता येत नाही. साधं गणित पाहा. उतारावर मुरमाड मालाचा पातळ थर, घर्षणकोन (सुटा कोरडा माल ज्या उतारापर्यंत टिकतो तो कोन) ३५ अंश, चिकटपणा शून्य धरला. उतार २५ अंश. सुरक्षागुणक म्हणजे धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर, १ च्या खाली गेला की घसरण. कोरडा असताना तो टॅन ३५ भागिले टॅन २५, ०.७० भागिले ०.४७, म्हणजे १.५. मजबूत. आता तोच थर पूर्ण भिजला आणि पाणी उताराला समांतर वाहतंय. मालाचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन धरलं तर गुणक साधारण अर्ध्यावर येतो, ०.७३. तोच उतार, तीच माती, आणि आता तो उभा राहूच शकत नाही. मुळांचा आणि थोड्या चिकटपणाचा आधार असतो म्हणून रोज पडत नाही. तो आधार जेसीबीने काढला, किंवा शोषखड्ड्याने भिजवला, की गणित कागदावरचं राहत नाही.

नगररचना_विदर्भ

मंजुरीच्या बाजूने एक मुद्दा. १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकाम नाही, हा आपल्याकडचा नियम. १:५ म्हणजे ११.३ अंश. तुमच्या मानकाचा पहिलाच वर्ग १५ अंशांपर्यंत, त्याला 'अतिसौम्य' म्हणतात. म्हणजे नियमाने जिथे बांधता येत नाही अशी जमीन नकाशात सगळ्यात हिरवी दिसेल, आणि विकासक तोच नकाशा घेऊन येईल. वर्ग पाडताना ११.३ ची रेघ वेगळी ठेवा. आणि वर १२ मीटरच्या इमारतीचं गणित झालं, त्यात नेमके ११.३ अंशच खोटे आले. सपाट प्लॉट नाकारला जाईल तो असा.

दुसरं, प्लॉटनिहाय 'ना हरकत' या नकाशावरून देऊ नये. ३० मीटरचा एक पिक्सेल ९०० चौरस मीटर, साधारण ९,७०० चौरस फूट. दीड हजार फुटांचे सहा प्लॉट एका रंगात. जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) दरडप्रवणता नकाशांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१४-१५ पासूनचा, तो १:५०,००० वर, तिथे नकाशावरचा एक मिलिमीटर ५० मीटरचा. तो भूकोश या जीएसआयच्या संकेतस्थळावरून उतरवून त्यावर गावाचा सिटी सर्व्हे ठेवणं चूक आहे. वॉर्डाच्या निर्णयाला १:१०,००० तरी हवा, प्लॉटला जागेवरची पाहणीच.

उतारवाट

एक थर कोणीच बोललं नाही. दरड सुटते कुठे हे झालं, पोचते कुठे? मळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३ ची रात्र), तिन्ही ठिकाणी माणसं वरून आलेल्या मलब्याखाली गेली. पायथ्याची सौम्य जमीन प्रवणता नकाशात हिरवीच राहते.

पोच काढायला सोपी पायरी : आसपासच्या जुन्या दरडींचा पोचकोन मोजा. सुटल्याच्या माथ्यापासून मलब्याच्या शेवटच्या टोकापर्यंतची उंची भागिले आडवं अंतर, त्याचा आर्कटॅन. समजा २० अंश आला. मग १२० मीटर उंचीवरून सुटणारा मलबा १२० भागिले टॅन २०, म्हणजे ३३० मीटरपर्यंत येऊ शकतो. 'जास्त' आणि 'अत्युच्च' पदरांच्या माथ्यापासून, ओढ्याच्या वाटेने, एवढं अंतर मोजून वेगळ्या रेघांचा पट्टा दाखवा. ओढ्यात अडकलेला मलबा सरळ उतारापेक्षा लांब जातो, तिथे तुमच्या मोजमापातला सगळ्यात लहान कोन वापरा. हा पट्टा मूळ रंगात मिसळू नका, वरून रेघा मारा. 'इथून सुटेल' आणि 'इथे येईल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उपायही वेगळे.

गिट्टीखदान

सहज विचारतो, आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्स, सीताबर्डीची टेकडी, यांचा असा नकाशा करण्यात अर्थ आहे का?

लालबोल

नाही. टेकड्या बसक्या आहेत, नैसर्गिक उतार मंद. प्रवणता नकाशाने एकच रंग येईल. तिथे जुन्या मुरूम-गिट्टीच्या खाणींचे काप आणि काळ्या मातीला टेकलेल्या संरक्षक भिंती, एवढ्यांची ओव्हरसियर काकांसारखी नोंदवही पुरे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि भिंत ढकलते, उन्हाळ्यात आकसून मागे फट पडते, आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट त्या फटीत जातं. भिंतीच्या माथ्यामागे मे महिन्यात बोटभर रुंद सरळ भेग दिसली की नोंदवा.

समोच्च

आता असं करते : फॅबडेम, पदर, मानकाची गुणपद्धत, ११.३ ची रेघ वेगळी, बोलचा पट्टा, पोचीच्या रेघा. कापांची नोंदवही मे महिन्यात. भेगांसाठी परत पावसाळ्यात जावं लागेल का?

ओव्हरसियर

दोनदा जा. मेमध्ये मोजमाप, पानं नसतात, सगळं दिसतं. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात फक्त पाणी पाहायला, मोठ्या पावसानंतर दोन दिवस उघडीप मिळाली की, आणि कापाच्या पायथ्याशी उभं न राहता. मेमध्ये कोरड्या असलेल्या कुठल्या भोकातून पाणी येतं, कुठल्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं, कापाच्या ओठामागे चंद्रकोरीसारखी भेग पडली का. भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मिलिमीटरमध्ये लिहा आणि गावातल्या कोणाला तरी रोज सकाळी मोजायला सांगा. अंतर रोज वाढत असेल तर नकाशा पूर्ण व्हायची वाट न पाहता त्याच दिवशी तहसील कार्यालयात कळवा आणि खालची घरं रिकामी करायला सांगा.